परबांचा स्टँड

दशरथ परबांना खरं तर फक्त अक्षरं मोठी करायची होती. त्या एवढ्याशा कामात पुढे लोखंडी अँगल, नट-बोल्ट, एक नारळ आणि साकीनाक्याचं वर्कशॉप येणार आहे असं त्यांना त्या सकाळी कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसालाच कॉम्प्युटरची एखादी युक्ती सांगितली असती. युक्ती सांगायला परबांना निमित्त लागत नसे.

परब साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर काही महिने त्यांनी घरातलं सगळं फिट करून पाहिलं. नळ, कड्या, पंखा, शेजाऱ्यांचे नळ, शेजाऱ्यांच्या कड्या. भटवाडीतल्या, झोपड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या त्यांच्या एसआरए बिल्डिंगमध्ये ढिलं असं काही उरलं नाही तेव्हा ते अस्वस्थ झाले. नेमक्या त्याच वेळी त्यांची मुलगी अपूर्वा हिला पवईच्या ऑफिसातून नवा लॅपटॉप मिळाला आणि तिने आपला जुना आईबाबांकडे आणून ठेवला. परबांच्या आयुष्याला पुन्हा यंत्र मिळालं.

मोबाईलवर त्यांना एक गृहस्थ सापडले होते. ते रोज 'घरच्या कॉम्प्युटरसाठी सोपी युक्ती' सांगत. परब सकाळच्या चहाबरोबर ती युक्ती घेत आणि दुपारपर्यंत बिल्डिंगमध्ये वाटून मोकळे होत. पासवर्डमध्ये मुलीचं नाव घालू नका. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका. मशीन अडकलं तर बंद करून चालू करा. ही शेवटची युक्ती त्यांनी एकदा लिफ्ट अडकली तेव्हा वॉचमनला सांगितली आणि लिफ्ट खरोखरच सुरू झाली. तेव्हापासून त्यांच्या शब्दाला खालपासून वरच्या मजल्यापर्यंत वजन आलं होतं.

घरात मात्र ते वजन भरत नव्हतं. मागे एकदा 'वापरात नसलेल्या फाइली काढून टाका, लॅपटॉप हलका होतो' अशी युक्ती आली होती. परबांनी पाहिलं, तर अपूर्वाच्या लग्नाचे फोटो कितीतरी दिवसांत कोणी उघडलेले नव्हते. म्हणजे वापरात नव्हते. (जावईबापूंनी त्यावर काही बोलायचं टाळलं, हा त्यांचा मोठेपणा.) अपूर्वाने ते फोटो कुठून कुठून शोधून परत आणले आणि बापाला स्वच्छ सांगितलं.

"बाबा, यापुढे काहीही झालं तर मला फोन करायचा. स्वतः हात लावायचा नाही. परत काही बिघडवलंत ना, तर मी लॅपटॉप उचलून घेऊन जाणार. सिरियसली."

लॅपटॉप गेला असता तर परब फार तर आठवडाभर कुरकुरले असते. पण आता त्या लॅपटॉपमध्ये त्यांच्या बायकोचा, सुगंधाबाईंचा जीव अडकला होता.

सुगंधाबाईंनी उभं आयुष्य बालवाडीत घालवलं. अर्ध्या भटवाडीला त्यांनी नाक पुसून अ आ इ ई शिकवलं. मग बालवाडीच्या जागेत जिम आली. ज्या खोलीत पोरं 'ये रे ये रे' म्हणत तिथे आता मोठी माणसं वजनं उचलून ओरडायला लागली, आणि सुगंधाबाई घरी बसल्या. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, पण मुलांशिवाय त्यांना करमत नव्हतं. दुपारी दारावरून शाळेतून येणारी मुलं गेली की हातातलं काम टाकून त्या उठून बघायच्या.

अशात त्यांना एका संस्थेबद्दल कळलं. परदेशातल्या मराठी मुलांना दर रविवारी लॅपटॉपवरून मराठी शिकवायचं काम होतं. सुगंधाबाईंनी कोणालाही न विचारता नाव दिलं. गंधाली नावाच्या तरुण मुलीने फोनवरून मुलाखत घेतली, त्यात त्या पास झाल्या. आता येत्या रविवारी संध्याकाळी पाचला खऱ्याखुऱ्या मुलांसमोर एक वर्ग घेऊन दाखवायचा होता. तो जमला तर काम पक्कं. अट एकच. वर्ग मोबाईलवरून चालणार नाही, कॉम्प्युटर हवा, कारण मुलांना चित्रं दाखवायची असतात.

गुरुवारी सकाळी सुगंधाबाई ती चित्रं लॅपटॉपवर लावून बघत होत्या आणि मनाशीच म्हणाल्या, "अक्षरां बारकी दिसतत." एवढं म्हणून त्या दिवसभरासाठी बहिणीकडे गेल्या, येताना मासळी आणणार होत्या.

परबांनी ते ऐकलं. त्यांनी ठरवलं की बायको परत यायच्या आत अक्षरं मोठी करून ठेवायची. युक्ती त्यांना पाठ होती. कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि अधिकचं चिन्ह दाबायचं. पण पाठ असलेली गोष्ट ऐन वेळी जशी निसटते तशी ती निसटली. कंट्रोल आठवलं. त्याच्या बरोबर अजून काहीतरी दाबायचं असतं हेही आठवलं. मग त्यांनी कंट्रोलबरोबर आल्ट दाबलं, आणि अक्षरं मोठी म्हणजे पडद्यावर खालपर्यंत यायला हवीत, असा हिशोब करून खालचा बाण दाबला.

पडदा क्षणभर काळा झाला. परत उजळला तेव्हा सगळं डोक्यावर उभं होतं. सुगंधाबाईंच्या चित्रातला हत्ती पाय वर करून पडला होता आणि 'ह हत्तीचा' हे त्याच्या पायाशी उलटं लटकत होतं. अक्षरं मात्र पूर्वीएवढीच बारीक होती.

परबांनी सगळ्या युक्त्या लावल्या. बंद करून चालू केलं. हत्ती उलटाच. चार्जर काढून लावला. पडदा ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या फडक्याने. माऊस हातात घ्यावा तर तोही फिरला होता. उजवीकडे सरकवला की बाण डावीकडे पळायचा. शेवटी त्यांनी युक्तीवाल्या गृहस्थांच्या व्हिडिओखाली आपली अडचण लिहिली. उत्तर आलं, पण ते दुसऱ्याच कोणाचं होतं. त्याने नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं.

अपूर्वाला फोन करायचा प्रश्नच नव्हता. फोन केला की लॅपटॉप पवईला जाणार, आणि रविवार बुडणार. परबांनी मांडी घातली, डोळे मिटले आणि फिटर म्हणून विचार केला. कारखान्यात त्यांची एक रीत होती. मशीनच्या पोटात शिरायचं नाही. मशीन तिरकं चालत असेल तर त्याच्या खाली पॅकिंग लावून त्याला सरळ करायचं. या रीतीवर त्यांनी सगळी नोकरी काढली होती आणि साहेब लोक त्यांना मानत होते.

चित्र उलटं आहे ना? मग यंत्र उलटं करा. परबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

ते तडक साकीनाक्याला धोंडिरामकडे गेले. धोंडिराम त्यांचा कारखान्यातला जुना दोस्त, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकून बसलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, की पोरीला फोन का नाही करत. परब म्हणाले, अँगल आहे का तेवढं सांग. मग दोघांनी मिळून जेवणाची सुट्टी विसरून एक स्टँड बनवला. दोन उभे पाय, वर आडवी दांडी, लहान पोरांच्या फुटबॉलच्या गोलपोस्टसारखा. त्या दांडीला लॅपटॉपचं बूड चार पट्ट्यांनी खालून आवळायचं, म्हणजे पडदा खाली लोंबकळणार आणि त्यातलं चित्र सरळ दिसणार. पट्ट्यांखाली रबर घातलं, लॅपटॉपला ओरखडा येऊ नये म्हणून. काम एकदम झकास झालं.

घरी आणून परबांनी तो टेबलावर बसवला, लॅपटॉप आवळला आणि मग जन्माची सवय म्हणून बोल्टची टोकं हातोडीने चेपून टाकली. असं केलं की नट पुन्हा कधी ढिला पडत नाही. (पुन्हा कधी निघतही नाही, पण चांगल्या फिटरला निघण्याशी कर्तव्य नसतं.) नवीन मशीन बसवल्यावर देवाला गाऱ्हाणं घालायची कारखान्यातही पद्धत होती, म्हणून त्यांनी हातात नारळ घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो जो काय स्टँड बसवलंय, तेका खयची नजर लागली आसात, खयची बाधा आसात, ती दूर कर. आणि जे कोण पवईक ऱ्हवतत, तेंका रविवारपर्यंत हयसर येवची बुद्धी देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," दारातून आवाज आला. सुगंधाबाई मासळीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. गाऱ्हाणं ऐकलं की व्हय म्हाराजा म्हणायचं ही त्यांची लहानपणापासूनची सवय, त्यामुळे ते आधी तोंडातून गेलं आणि लॅपटॉप नंतर दिसला.

तो टेबलावर छताकडे पाठ करून लटकला होता. बटणं खाली, पडदा त्याच्याही खाली. टाईप करायचं तर तळहात वर करून, खालून बोटं लावायची, आंब्याच्या फांदीवरचा आंबा चाचपावा तशी. सुगंधाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"ह्यो काय प्रकार?"

परबांनी सांगितलं. पडदा आपोआप उलटा झाला, त्यांनी काहीच केलं नव्हतं, उलट त्यांनी तो सरळ करून दिला. सुगंधाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना रडावंसं वाटलं. पण पुढे होऊन त्यांनी पडदा वाचून पाहिला, हत्ती चारही पायांवर उभा होता. बाहेरचा माऊस जोडलेला होता, तोही सरळ चालत होता. खालून बोटं लावून त्यांनी 'सुगंधा' एवढं लिहिलं. आलं.

अपूर्वाला बोलवायचं का, हा विचार त्यांच्याही मनात येऊन गेला. पण मुलीचा स्वभाव त्या ओळखून होत्या. ती आली असती, बापावर चिडली असती, लॅपटॉप उचलून नेला असता, आणि 'आई, तू कशाला या वयात' हेही म्हणाली असती. ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी नारळ फोडला, खोबरं मासळीच्या तिकल्यासाठी बाजूला ठेवलं आणि शनिवारपर्यंत खालून बटणं दाबायचा सराव केला. मनगटं दुखायला लागली तर रात्री तेल चोळलं. ही बाई हटणारी नव्हती.

रविवारी त्यांनी ठेवणीतली साडी नेसली, गजरा माळला. कपाटाच्या दारावर बालवाडीतला जुना फळा टांगला. पाचला पंधरा मिनिटं असताना गंधालीने तयारी बघायला कॉल सुरू केला. गंधाली पडद्यावर छान सरळ दिसली. परबांनी बायकोकडे बघून भुवया उडवल्या, काय सांगितलं होतं मी, अशा थाटात.

गंधाली मात्र मान वाकडी करून बघत होती.

"मॅडम, तुम्ही उलट्या दिसताय."

सुगंधाबाईंनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकटीत पाहिलं. खरंच, त्यांचा गजरा जमिनीकडे होता आणि पंखा त्यांच्या पायाशी फिरत होता. लॅपटॉप उलटा केला की त्यातला कॅमेराही उलटा होतो, ही गोष्ट परबांच्या हिशोबात आलीच नव्हती. (चार दिवसांत त्यांनी स्टँडला दोनदा पॉलिश केलं, पण कॅमेरा एकदाही लावून पाहिला नव्हता.) गंधाली म्हणाली, की कॅमेरा उलटा लागला असेल, तेवढा बघून घ्या, मुलं जमतायत, मी त्यांना घेऊन येते. आणि ती गेली.

परब पाना घेऊन धावले. पहिला नट हलला नाही. दुसरा हलला नाही. तिसऱ्याने तर पाना घसरवून त्यांचं बोट सोलवटलं. इतकं पक्कं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. करवत धोंडिरामकडे राहिली होती. परबांच्या कपाळावर घाम आला आणि घाबरलेल्या माणसाला सुचतं तसं त्यांना काहीही सुचायला लागलं.

"आरसो लावया काय? नायतर तूच जरा…" असं म्हणून त्यांनी हाताने गोल फिरवून दाखवलं.

"मी जरा काय? डोक्यावर उभी ऱ्हवू?"

परबांनी हात खाली घेतला. सुगंधाबाई स्टँडसमोर उभ्या राहिल्या. लॅपटॉपमधून मुलांचे आवाज यायला लागले होते, कोणी गुड मॉर्निंग म्हणत होतं, कोणी आपल्या मांजराला हाक मारत होतं. इतक्या दिवसांनी मुलांचा गलका कानावर पडला आणि त्यांचं मन एकदम स्थिर झालं. बालवाडीत एकाच वेळी वीस पोरं रडत असताना त्यांचं मन असंच स्थिर व्हायचं.

"स्टँड उलटो करा," त्या म्हणाल्या.

"अगो, मगे तुका सगळा उलटा दिसतला."

"माका ती उलटी दिसली तरी चालतीत. मी त्यांका सरळ दिसाक होया."

परबांना हे पटायला एक क्षण लागला, आणि पटल्यावर त्यांना जरा लाजच वाटली. दोघांनी मिळून स्टँड पालथा केला. आता लॅपटॉप सरळ बसला, बटणं वर आली, स्टँडचे दोन्ही पाय मात्र शिंगांसारखे हवेत गेले. आडवी दांडी खाली टेबलावर टेकली, पण तिच्यातून बोल्टची चेपलेली टोकं बाहेर आली होती, त्यामुळे सगळा डोलारा डुगडुगायला लागला. सोडला की मागे पडायचा. खाली पुस्तकं सारून बघायलाही वेळ नव्हता, गंधालीचा आवाज आला होता.

"धरा," सुगंधाबाई म्हणाल्या. "आणि गप रवा."

परब टेबलाच्या मागे पाटावर गुडघे टेकून बसले, दोन हातांनी दोन पाय पकडले, आणि वर्ग सुरू झाला.

पडद्यावर बारा चौकटींत बारा मुलं होती आणि सगळी छताला चिकटल्यासारखी. कोणाची वेणी वर उभी राहिली होती. एक मांजर आढ्यावरून चालत गेलं. माऊसही पुन्हा उलटा धावत होता. सुगंधाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी हात जोडले आणि आपल्या बालवाडीच्या आवाजात, जो चार घरं पलीकडे ऐकू जायचा, म्हणाल्या, "नमस्कार बाळांनो. मी सुगंधा आजी."

आणि मुलं हसली. मग त्या सुटल्याच.

पहिली गडबड 'वर आणि खाली'ला झाली. त्यांनी मुलांना हात वर करायला सांगितलं, आणि पडद्यावर सगळ्यांचे हात खाली गेले. "वर म्हटलं ना राजा, वर," त्या एका मुलीला म्हणाल्या. मुलीने बिचारीने हात आणखी ताणले, ते आणखी खाली गेले. सुगंधाबाईंना चूक लक्षात आली तेव्हा त्या स्वतःवरच खुदकन हसल्या आणि लगेच म्हणाल्या, की आता आपण एक खेळ खेळू, आजी म्हणेल त्याच्या बरोब्बर उलटं करायचं. त्यानंतर जो गोंधळ उडाला त्यात त्या बारा मुलांना वर, खाली, आत, बाहेर, मागे, पुढे असे सगळे शब्द येऊन गेले आणि त्यांना ते शिकलो असं वाटलंही नाही.

मागे परबांची अवस्था वेगळी होती. हाताला मुंग्या आल्या होत्या. नाकावर एक डास बसला होता आणि त्याला उठायची घाई नव्हती. अशात खिशातला फोन थरथरायला लागला. तिरक्या नजरेने त्यांनी खिशातून डोकावणारं नाव वाचलं. अपूर्वा. फोन थांबला, पुन्हा थरथरला. परबांनी दात दाबून धरले. हा स्टँड सोडला तर बायकोचं काम जाईल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, आणि ते त्यांनी बोल्टपेक्षा घट्ट धरून ठेवलं.

मग सुगंधाबाई उठून फळ्याकडे गेल्या. समोरून गंधाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही दिसत नाही." परबांनी आवाजाच्या अंदाजाने लॅपटॉप हळूच फळ्याकडे वळवला. त्या परत आल्या, त्यांनी परत आणला. त्या खाली वाकून खडू उचलायला गेल्या, परबांनी पुढचं टोक थोडं झुकवलं. पुढे पुढे त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. बायको कुठे जाणार हे तिने पाऊल उचलायच्या आधीच त्यांना कळत होतं, शेवटी इतक्या वर्षांचा संसार होता.

आणि त्यांनी ऐकलंही. सुगंधाबाईंना शिकवताना त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. बालवाडीच्या वेळेला परबांची कारखान्यात पहिली पाळी असायची. घरी येऊन ही बाई भाकऱ्या थापायची, तीच त्यांना माहीत. आता पलीकडून कोणी पोरगं म्हणत होतं, "आजी, परत सांगा," आणि त्या परत सांगत होत्या, पहिल्यांदा सांगावं तसं. परबांना अभिमान वाटला. इतका, की त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

वर्ग संपला. मुलं हात हलवत एकेक करून गेली, त्यातली दोन तर जायलाच तयार नव्हती. गंधाली मागे राहिली. तिने फार वेळ घेतला नाही. मॅडम, काम तुमचं, पुढच्या रविवारपासून, असं तिने सांगितलं. सुगंधाबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि त्या नुसतं "हो, हो" म्हणत राहिल्या. टेबलामागे परबांनी स्टँडवर डोकं टेकलं.

मग सुगंधाबाईंना राहवलं नाही. आता काम मिळालंच होतं, तर त्यांनी गंधालीला विचारून टाकलं, की माझ्या पडद्यावर तुम्ही सगळे उलटे दिसता, त्याला काही करता येतं का.

"म्हणजे पूर्ण वेळ तुम्हाला आम्ही उलटे दिसत होतो?" गंधाली म्हणाली. "अहो मॅडम, कंट्रोल आणि आल्ट दाबून धरा आणि वरचा बाण दाबा."

सुगंधाबाईंनी दाबला. पडदा क्षणभर काळा झाला आणि गंधाली पायांवर उभी राहिली. टेबलामागून बारीकसा आवाज आला, सायकलच्या टायरमधून हवा जावी तसा. तो परबांच्या छातीतून आला होता. साकीनाक्याची फेरी, अँगल, रबर, चार पट्ट्या, गाऱ्हाणं, सोलवटलेलं बोट, हे सगळं एका बाणाने गेलं होतं.

पण गंधालीला अजून काही विचारायचं होतं. ती म्हणाली, की आमच्याकडे बाकीच्या शिक्षिका उठल्या की दिसेनाशाच होतात, तुमचा कॅमेरा मात्र तुमच्या मागे मागे आपोआप वळत होता, वाकलात की वाकत होता. असा स्टँड तिने पाहिलाच नव्हता.

टेबलामागे परबांची मान ताठ झाली. बाण गेला खड्ड्यात, कामाची कदर करणारं कोणीतरी भेटलं होतं. उठून दोन शब्द सांगावेत असं त्यांना फार वाटलं. गुडघ्यांनी साथ दिली नाही, म्हणून ते तिथेच कान देऊन बसले.

"कुठे मिळतो हो?" गंधाली म्हणाली. "मला लिंक पाठवा ना, मी सगळ्यांसाठी मागवते."

सुगंधाबाईंनी पडद्यावरून पलीकडे पाहिलं. नाकावर डासाची गांधी, कपाळाला स्टँडचं पॉलिश आणि दोन हातांत दोन लोखंडी शिंगं धरून नवरा मोठ्या आशेने त्यांच्याकडे बघत होता. त्या प्रेमाने हसल्या.

"नको गं बाई, घेऊ नका," त्या गंधालीला म्हणाल्या. "आमच्याकडे जुना आहे म्हणून ठेवलाय. काम करतो, पण मधूनच स्वतःचं डोकं चालवतो."